पाहुणा फोडायचा नाही

दहा नोव्हेंबर. पहाटे गारवा, आभाळ निरभ्र, दुपारी उसाच्या पाचटाचा धूर रस्त्यावर खाली बसलेला.

रोजनिशीत हवामान मी आधी लिहितो. माणसांबद्दल लिहायला बसलं की हवामान राहूनच जातं!

बेलापुरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली जुनी वायर काढली की मी कोपऱ्यात टाकतो. एका वायरीकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण एखाद्या दिवशी स्टूल ठेवायला जावं आणि कोपराच शिल्लक नसावा, तसे किस्से साठतात. इतकी वर्षं मी रोजनिशी लिहितोय, पण आमच्या गल्लीत या वर्षी साठले तेवढे कधी साठले नव्हते. सगळे एकाच माणसाचे. म्हणजे माणूस एक, आणि त्याला धड बसू न देणारे आम्ही सगळे!

*

बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे. बेलापूर गाव तिथून थोडं लांब. शिवाय मुंबईच्या बाजूला आणखी एक बेलापूर आहे. आम्हाला हे लहानपणापासून माहीत. आफ्रिकेतून आलेल्या माणसाला कसं माहीत असणार?

फेब्रुवारीत मी तांब्याच्या वायरीचं पार्सल सोडवायला स्टेशनवर गेलो होतो. दिल्लीच्या गाडीतून एक उंच, सडपातळ, तिशीतला माणूस दोन बॅगा घेऊन उतरला आणि रिक्षावाल्यांना मोबाईल दाखवायला लागला. रिक्षावाले मोबाईलकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघत होते. मी इंग्रजी डिक्शनरीवरून शिकलोय. वाचायला चांगलं जमतं, बोलायला थांबत थांबत. जवळ गेलो. मोबाईलवर एका खोलीचं आठवड्याचं बुकिंग होतं. पत्ता बेलापूर. समुद्राच्या बाजूचं!

मी म्हणालो, "सर, खोली बरोबर आहे. स्टेशनही बरोबर आहे. पण दोघांची भेट होणार नाही."

तो बॅगेवरच बसला. नाव लिंबानी, देश मलावी. शेतकी विद्यापीठात चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या जमिनीवर पीएच.डी. करायला आला होता. होस्टेलमध्ये फॅमिली चालत नव्हती, आणि त्याला तर घर मिळालं की बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला बोलवायचं होतं.

"एक आठवडा आमच्याकडे राहा," मी म्हणालो. "तोवर घर शोधू."

घरी पोचलो तर सुमन, माझी बायको, दारातच उभी. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग दाराच्या चौकटीकडे.

"वाकून या हो भाऊ," ती मराठीत म्हणाली. तो काही न कळता वाकून आत आला.

"वाकतोय म्हणजे राहील!" सुमन म्हणाली.

*

लिंबानी हे नाव रावसाहेबांनी पहिल्याच संध्याकाळी दुरुस्त केलं. रावसाहेब समोरच्या घरातले. ऊस आणि आवाज दोन्ही भरपूर.

"लिंबानी काय, लिंबाजी म्हना! माझ्या चुलत्याचं नाव लिंबाजी हुतं. ह्यो तर आपल्यातलाच निघाला!"

पाहुणा आमच्याकडे उतरतो एका घरी, पण असतो गल्लीचा. सोमवारी रावसाहेबांकडे, गुरुवारी मागच्या भास्कर सरांकडे, असे त्याच्या जेवणाचे वार लागले. पूर्वी गरीब विद्यार्थ्यांना असे वार लावून जेवायला घालत. हाही विद्यार्थीच की! तेवढं त्याला चाललं. चाललं नाही ते दुसरंच. पाहुण्याला एकटं बसू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो पुस्तक उघडायचा, की कुणीतरी येऊन शेजारी बसायचं. बोलायचं काही नाही. भाषा नाही तर बोलणार काय? नुसतं बसायचं. एक उठला की दुसरा हजर.

पंधरवड्यात तो बेचैन दिसायला लागला. पहाटे पाटाच्या कडेने चालायला निघाला, तर रावसाहेब बरोबर. गच्चीवर गेला, तर शेजारच्या गच्चीवरून हाक. एक दिवस बाथरूममध्ये गेला तो बाहेर येईचना. पाण्याचाही आवाज नाही. सुमन घाबरली. मी दार वाजवलं.

"लिंबानी, ठीक आहे ना?"

आतून अगदी शांत आवाज आला. "ठीक आहे, दादा. मी नुसता बसलोय. एकटा."

मी सुमनला तसं सांगितलं.

"अगंबाई, एकटा?" ती म्हणाली. "रावसाहेबांना हाक मारा आधी!"

*

परदेशी माणूस घरात ठेवला की पोलिसांना कळवावं लागतं. मी कळवलं होतं. एक हवालदार चौकशीला आले. गल्लीत खुर्च्या टाकल्या, पाणी झालं.

"हे कुणाकडं राहतात?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडं," मी म्हणालो.

"आमच्याकडं बी," रावसाहेब म्हणाले.

"गुरुवारी माझ्याकडे," भास्कर सर म्हणाले. सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना अर्धवट माहिती चालत नाही.

हवालदारांनी पेन थांबवलं. "एक मानूस तीन घरांत कसा राहील? मला एकच पत्ता पाहिजे."

"मग जिथं जास्त जेवतो तो पत्ता टाका," रावसाहेब म्हणाले. "म्हंजे आमचाच!"

सुमन आतून ओरडली, "जेवतो तिकडं, पचवतो इकडं! आमचाच टाका!"

हवालदार शेवटी लिंबानीकडे वळले. "तुमीच सांगा बरं. तुमी कुणाकडं राहता?"

लिंबानी उठून उभा राहिला. एव्हाना त्याला थोडं मराठी यायला लागलं होतं, आणि ते सगळं रावसाहेबांकडून आलेलं.

"साहेब, मी माझ्याकडं राहायला बघतोय. जमत न्हाई."

हवालदारांनी पत्ता आमचा लिहिला आणि चहा रावसाहेबांकडे घेतला.

*

घराचा शोध अर्थात पहिल्या आठवड्यापासूनच सुरू होता. त्याची बायको तियामिके तिकडे एका दवाखान्यात नर्स होती. फोनवर तिचं एकच म्हणणं: "दुसऱ्याच्या घरात मी येणार नाही. आतून बंद करता येईल असं आपलं दार मिळालं की सांग." मुलगी चिसोमो रोज विचारायची, "बाबा, दार मिळालं?" लिंबानी हे हसत सांगायचा. पण सांगून झालं की उठायचा आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा.

गावात खोल्या होत्या. तो बघायला जायचा. मालक हौसेने दाखवायचे, चहा पाजायचे, "उद्या सांगतो" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी हात जोडायचे. का, ते कुणी सांगेना. मार्च गेला, एप्रिल गेला. आठवड्यासाठी आलेला माणूस आमच्या मागच्या खोलीत बॅगाही पूर्ण न उघडता राहत होता.

भास्कर सरांच्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या रिकाम्या होत्या. लिंबानीने धीर करून विचारलं, तर सर त्याला उत्तर न देता थेट माझ्या दुकानात आले. शटर अर्धं खाली ओढलं.

"उत्तम, खरं सांग. घरात वाजलं का?"

"नाही सर."

"सुमन काही बोलली त्याला?"

"नाही."

"जेवणावरून काही?"

"नाही हो सर. त्याला फॅमिली आणायचीय. तुमच्या खोल्या द्या ना!"

सर खुर्चीत मागे टेकले. "तुझ्या घरी उतरलेला पाहुणा मी माझ्या घरात घेऊ? उद्या गाव म्हणेल, भास्कर सरांनी उत्तमचा पाहुणा फोडला! दुसऱ्याचा गडी फोडणारे बघितलेत मी. पाहुणा फोडणारा मीच पहिला निघायचा!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चौकशी केली तर कळलं, सगळे घरमालक मधल्या मधे रावसाहेबांना विचारून गेले होते, आणि रावसाहेबांनी प्रत्येकाला एकच सांगितलं होतं: "खोली दिलीत तर गाठ आमच्या गल्लीशी हाय!"

मी त्यांना गाठलं. "अहो, असं का केलंत?"

"का म्हंजे?" रावसाहेब माझ्यावरच भडकले. "तुमची अब्रू राखली!"

*

गावात जमेना म्हणून आम्ही जवळच्या एका मोठ्या गावी निघालो. मालक फोनवर छान बोलले होते. दोन खोल्या, नळ, स्वतंत्र जिना. "फॅमिलीच पाहिजे हं," म्हणाले. "फॅमिलीच आहे," मी म्हणालो.

मालकांनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या लिंबानीकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे वळून माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अहो, काय सांगू तुम्हाला! खोली कालच गेली."

फोन मी त्याच दिवशी सकाळी केला होता.

जिना उतरताना लिंबानी हळूच म्हणाला, "दादा, तो मला बघून नाही म्हणाला. माझ्यामुळे तुमचाही अपमान झाला."

"तुला बघून म्हणाला की माझं आडनाव ऐकून, हे सांगणं अवघड आहे," मी म्हणालो. "माझ्या वडिलांनाही हेच वाक्य ऐकवलं होतं. तेव्हाही खोली कालच गेली होती."

तो पायरीवर थांबला. "मग वडिलांनी काय केलं?"

"बेलापुरात जागा घेऊन घर बांधलं. ज्याच्या बाथरूममध्ये तू जाऊन बसतोस ना, तेच!"

तिथेच जिन्यावर आम्ही दोघं हसलो. येताना बस रिकामी होती. लिंबानी मात्र सीटवर बसला नाही. बेलापूर येईपर्यंत दांडा धरून उभाच होता.

*

जुलैत नवीनच निघालं. तियामिकेच्या नोकरीचा करार संपत होता. महिन्याच्या शेवटी तिने हो-नाही सांगायचं होतं. हो म्हटलं तर पुढची दोन वर्षं ती आणि चिसोमो तिकडेच. नाही म्हटलं आणि इथे घर नसलं, तर हातची नोकरीही गेली.

सुमन म्हणाली, "एवढा कसला विचार? इथंच येऊ द्या तिला. मागची खोली मोठी आहे."

तिने खोली धुतली, नवा पडदा लावला आणि व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मोबाईल हातात घेऊन ती तियामिकेला घरभर फिरवत होती, आणि मी मागून भाषांतर करत होतो. ही खोली, ही मोरी, ही तुळस, हे स्वयंपाकघर. तियामिके सगळं नीट बघत होती. मग तिने विचारलं, "हे स्वयंपाकघर कुणाचं आहे?"

"आपलंच की!" सुमन म्हणाली.

मी ते सांगितलं.

"ताई फार चांगल्या आहेत," तियामिके म्हणाली. "पण तिथे मीठ कुठे ठेवायचं, हे कोण ठरवणार?"

मी हेही सांगितलं. फोन झाल्यावर बराच वेळ सुमन ओटा पुसत राहिली. तो पुसलेलाच होता.

"बरोबर बोलली पोरगी," शेवटी ती म्हणाली. "सासूबाई होत्या तोवर मी या घरात एक पातेलंसुद्धा माझ्या मनाने हलवलं नाही. तुम्हाला माहीत होतं का हे?"

मला माहीत नव्हतं.

"त्याला बाहेर काढा," सुमन म्हणाली.

"कुणाला?"

"लिंबाजीला! हाकला घराबाहेर. कसंही करा, पण महिना संपायच्या आत हाकला!"

*

भांडण करायचं ठरलं. भांडून घर सोडलेल्या माणसाला खोली द्यायला कुणाची हरकत नसते. तिथे पाहुणा फोडल्याचा प्रश्नच येत नाही. उलट आसरा दिला म्हणतात.

अडचण एकच. मला भांडता येत नाही. मोटार बांधताना वेढे मोजत बसायचं असतं, आवाज चढवायची सवयच लागली नाही. सुमनने आमची तालीम घेतली. मी म्हणायचं, "हे माझं घर आहे!" त्याने म्हणायचं, "मग मी चाललो!" मी म्हणायचं, "जा!" एवढंच.

संध्याकाळी नळाला पाणी आलं, गल्ली भरली, तेव्हा आम्ही सुरू केलं.

"हे माझं घर आहे!" मी ओरडलो.

लिंबानी दचकला. तालमीत मी हे हळूच म्हणायचो. तो आपलं वाक्यच विसरला.

"व्हय दादा," तो म्हणाला. "लई भारी हाय."

सुमनने त्याला मागून ढोसलं.

"मग मी चाललो!"

"जा!"

त्याने बॅग उचलली. तेवढ्यात रावसाहेब हातातली पाण्याची नळी तशीच घेऊन धावत आले. अर्धी गल्ली भिजली.

"उत्तमराव! पाहुन्यावर आवाज? तुमचं बीपी बघा आधी! वैनी, ह्यांना लिंबूपानी द्या!"

"जाऊ द्या त्याला," मी ठरल्याप्रमाणे म्हणालो.

"कुठं जाऊ द्या? आमी मेलो काय? आवाज काढायचा तर बायकोवर काढा, पाहुन्यावर कशाला?"

"काढून तर बघू दे!" सुमन म्हणाली. आणि मग तिला हसू आवरेना, म्हणून तिने पदरात तोंड घातलं. बायकांना वाटलं रडतेय. दोघी-तिघी तिला धरायला धावल्या. एकाने लिंबानीची बॅग आत नेऊन ठेवली. रावसाहेबांनी आम्हा दोघांना भर गल्लीत एकमेकांना मिठी मारायला लावली. वर पुन्हा वाजू नये म्हणून लक्ष ठेवायला, आपली चादर घेऊन स्वतः आमच्या ओसरीवर मुक्कामाला आले.

एक पाहुणा काढायला गेलो आणि घरात दोन झाले!

*

भास्कर सर तेवढे फसले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि लिंबानीला बोलावून घेतलं.

"नाटक वाईट होतं," ते म्हणाले. "आणि आपल्याकडे भांडणाने माणूस सुटत नाही. सुटतो तो वाटणीने. पाहुण्याला मी खोल्या देणार नाही. पण उत्तमचा धाकटा भाऊ वेगळा निघाला आणि माझ्याकडे आला, तर मला कोण काय म्हणणार आहे? भाऊ रोज वेगळे निघतात!"

लिंबानीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मात्र खोटी वाटणी मी करत नाही," सर म्हणाले. "आजवर केली नाही."

ते खरंच होतं. गावातल्या कितीतरी भावांचे वाटे सरांनी घातलेत आणि त्यातली एकही वाटणी मोडलेली नाही.

महिन्याचा शेवटचा रविवार. सकाळी गल्ली आमच्या अंगणात बसली. रावसाहेबांना सगळं समजावून सांगितलं होतं. ते नाराज होते, पण भावाचं वेगळं निघणं त्यांना पटलं. त्यांनी पेढेसुद्धा आणले होते.

सर खुर्चीवरून उठले. "मालकीचा प्रश्न नाही, राहण्याचा आहे. मुदत, लिंबानीची पीएच.डी. होईपर्यंत. वाटे दोन. पहिला, उत्तमचं हे घर. दुसरा, माझ्या मागच्या दोन खोल्या. रीत सगळ्यांना माहीत आहे. वाटे थोरल्याने मान्य करायचे आणि आधी धाकट्याने उचलायचं. उत्तम, मान्य?"

"मान्य," मी म्हणालो. धाकटा काय उचलणार हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पेढ्यांच्या बॉक्सची दोरी रावसाहेब सोडायलाच लागले होते.

लिंबानी उठला. "सर, मी तुमच्या—"

"थांब," सर म्हणाले. "बायकोला विचारलंस?"

"तिला चालेल, सर."

"विचारलंस का, ते सांग. बायकोला न विचारता उचललेला वाटा टिकत नाही. गावातली मोडलेली घरं मी बघितलीत. लाव फोन."

फोन लागला. पुढे लिंबानी, त्याच्या मागे मी, मग सर, मग अख्खी गल्ली, अशी वरात आमच्या घरातून फिरली आणि सरांच्या खोल्यांकडे गेली. सरांच्या खोल्या चांगल्या होत्या. फरशी नवी, खिडक्यांना जाळ्या. तियामिकेने नळ सोडून दाखवायला सांगितला. खिडकी उघडून दाखवायला सांगितली. आमच्या घरातला नळ आणि खिडकीही परत जाऊन दाखवायला लावली. चिसोमो मधूनच फोनमध्ये डोकं घालून आम्हाला बघत होती.

मग लिंबानी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलला. मला शब्द कळले नाहीत, पण त्याचा हात कळत होता. तो घराकडे दाखवत होता, मग माझ्याकडे, मग सुमनकडे, आणि मान हलवत होता.

तियामिकेने ऐकून घेतलं. मग ती इंग्रजीत बोलली, सावकाश, बहुतेक मलाही कळावं म्हणून.

"त्या सरांनी निवडायला सांगितलंय ना?"

"हो," लिंबानी म्हणाला.

"दोन्हींतलं कुठलंही?"

"हो, पण—"

"मग पहिलं."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. भाषांतर करणारा मीच!

"ती म्हणतेय, पहिलं," मी म्हणालो.

"दादा, न्हाई, न्हाई!" लिंबानीचा आवाज चिरकला. "मी सांगतो तिला. तिला कळलं न्हाई."

"तिला नीट कळलंय," सर म्हणाले. "वाटा उचलला गेला. उचललेला परत ठेवायचा नसतो."

रावसाहेब पेढे खाली ठेवून उभे राहिले. "अवो सर, ही वाटनी नावापुरती हुती ना!"

"नावापुरती वाटणी नसते, रावसाहेब."

"मग ह्या दोगांनी जायाचं कुठं?"

"माझ्या खोल्या आहेत की. दुसरा वाटा."

आता सगळ्यांच्या माना सुमनकडे वळल्या. लिंबानी हातातला फोन छातीशी धरून तिच्याकडे बघत होता. फोन चालूच होता. सुमन उठली. पदर खोचला. आत गेली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज यायला लागला. मी दारातून डोकावलो. ती स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या कढया उतरवत होती.

"काय करतेस?"

"सरांच्या खोल्यांत फळ्या किती आहेत, ते बघून या," ती म्हणाली. "आणि तिला सांगा, म्हणावं नोकरीचं आजच कळव. उद्या महिना संपतोय."

तियामिकेने त्याच दिवशी दवाखान्यात कळवलं. ती आणि चिसोमो ऑक्टोबरात आल्या. सुमनने किल्ली दिली. तियामिकेने ती घेतली, तिघं आत गेली आणि तिने दार आतून लावलं. त्या घरात ते तिघं राहतात, सरांच्या खोल्यांत आम्ही दोघं. लिंबानीची पीएच.डी. व्हायला अजून दोन वर्षं आहेत.